हंगामात लेखन थांबवायचे कसे आणि पुन्हा धरायचे कसे

रोजनिशी, स्थानिक साप्ताहिकातले सदर, मुंबईच्या नातेवाइकांना दर रविवारी जाणारे पत्र किंवा वाडीच्या आठवणींची वही असे काही ना काही नियमित लिहिणारी माणसे कोकणात पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचे लेखन वर्षातून एकदा तरी अडते. आंबा येतो, लावणी येते, घरी गणपती येतात, मे महिन्यात घरगुती निवासाच्या सगळ्या खोल्या पर्यटकांनी भरतात. अशा वेळी लेखन थांबवण्यात गैर काहीच नाही. चुकते ते थांबवण्याच्या रीतीत. बहुतेक जण लेखन थांबवत नाहीत, ते आपोआप सुटू देतात. आज नाही तर उद्या लिहू असे म्हणत पंधरवडा जातो, मग वही उघडायचीच धास्ती वाटू लागते, आणि हंगाम संपला तरी हात पुन्हा लिहिता होत नाही. पावसाळ्याआधी होडी वर ओढून, धुऊन, झापांनी, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्यांनी, शाकारून ठेवली तर ती पुढच्या हंगामात पाण्यात उतरवता येते. वाळूवर तशीच टाकलेली होडी उतरवता येत नाही. लेखनाच्या शाकारणीची कामे पुढे क्रमाने दिली आहेत. हा क्रम शक्यतो मोडू नये, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

## पूर्वतयारी : काय हाताशी हवे

एक दिनदर्शिका, एक कोरा कागद, चालू असलेल्या सगळ्या वह्या आणि दोन निवांत संध्याकाळी एवढे पुरे आहे. मात्र ही तयारी हंगाम सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी करावी. पहिली पेटी भरायला घेतल्यावर किंवा रोपे खणायला आल्यावर तयारीला बसणे हीच सर्वांत सामान्य चूक आहे, कारण तोपर्यंत निर्णय घेण्याइतकी उसंत उरलेली नसते.

## टप्पा १ : आपला हंगाम कोणता ते ठरवून दोन तारखा लिहाव्यात

कोकणात सर्वांचा गडबडीचा काळ एकच नसतो, म्हणून दुसऱ्याचे पाहून आपली सुटी ठरवू नये. आंबा बागायतदाराची खरी ओढाताण मार्चपासून मेअखेरपर्यंत असते. भातशेती करणाऱ्यास मृग नक्षत्र लागल्यापासून, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून, लावणी उरकेपर्यंत मान वर करता येत नाही, आणि ऑक्टोबरात कापणीला पुन्हा तोच प्रकार होतो. यांत्रिक नौकांवर काम करणाऱ्यांचे चक्र उलटे आहे. आपल्या किनाऱ्यावर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात जाळी विणणे आणि नौका दुरुस्त करणे चालू असले तरी संध्याकाळ घरी मिळते. म्हणून त्यांचे लेखन जून-जुलैत चालावे आणि ऑगस्टपासून थांबावे. घरगुती निवास-न्याहारी चालवणाऱ्यांना दिवाळीची सुटी, डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि मे असे तीन वेगवेगळे तुकडे हाताळावे लागतात. त्यांनी एक लांब खंड घेण्याऐवजी तीन आखूड खंड घ्यावेत.

दिनदर्शिकेवर दोन तारखा शाईने लिहाव्यात : शेवटचा लेखनदिवस आणि पहिला परतीचा दिवस. इथे बहुतेकांचे गाडे अडते. ‘आंबा आटपला की’, ‘पाऊस लागला की’, ‘गणपती झाले की’ या तारखा नव्हेत. आंबा कधी आटपतो? शेवटची पेटी वाशीच्या बाजारात गेली म्हणजे आटपत नाही. त्यानंतर कॅनिंगचा, म्हणजे डबाबंद रसाच्या कारखान्याचा, माल जातो, दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, यायची असते, गड्यांचा हिशोब मिटवायचा असतो, आणि बागेला खत घालायचे असते. गणपतीचेही तसेच आहे. कोणाचे दीड दिवसाचे असतात, कोणाचे गौरीबरोबर जातात, कोणाचे अनंत चतुर्दशीपर्यंत राहतात आणि काही घरांत एकवीस दिवस असतात. शिवाय तिथी सरकते : गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, तर २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला येते. मागच्या वर्षीच्या अंदाजाने परतीची तारीख धरली तर ती थेट मखर बांधण्याच्या दिवसांत येऊन पडेल.

परतीची तारीख हंगामाच्या शेवटच्या कामानंतर किमान एक आठवडा पुढची धरावी. तो आठवडा झोपेसाठी आणि घरातल्या राहून गेलेल्या कामांसाठी लागतोच. बागायतदाराने जूनचा मध्य न धरता जुलैची सुरुवात धरावी, असे माझे मत आहे. त्या दिवसांत बाहेर पाऊस कोसळत असतो आणि बागेत जाऊन करण्यासारखे फार काही नसते. शेतकऱ्याने लावणी आणि गणपती यांच्यामधली फट हेरावी. ज्या वर्षी गणपती उशिरा असतात त्या वर्षी ती फट चांगली लांब मिळते.

तपासणी : दोन्ही तारखांपुढे महिना आणि आकडा दोन्ही लिहिलेले आहेत का? परतीच्या आठवड्यात घरात लग्न, बारसे, जत्रा किंवा पालखी नाही ना, हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून घेतले का?

## टप्पा २ : अर्धवट कामांची यादी करून तिचे तीन भाग करावेत

कोऱ्या कागदावर हाती असलेले प्रत्येक लेखन लिहून काढावे. अर्धा झालेला लेख, कबूल केलेली प्रस्तावना, उत्तर न दिलेली पत्रे, आजोबांकडून ऐकून घ्यायची राहिलेली हकीकत, शाळेच्या स्मरणिकेसाठी ‘देतो’ म्हटलेला मजकूर, सगळे. मनातली यादी नेहमी कागदावरच्या यादीपेक्षा आखूड असते आणि विसरलेले काम नेमके ऐन हंगामात फोन करून आठवण देते.

मग प्रत्येक कामापुढे ‘पुरे करायचे’, ‘ठेवायचे’ किंवा ‘सोडायचे’ यांपैकी एक शब्द लिहावा. ज्याची वाट दुसरे कोणी पाहत आहे आणि जे उरलेल्या दोन आठवड्यांत खरोखर होण्यासारखे आहे, तेवढेच ‘पुरे करायचे’ या भागात जाते. जे फक्त आपल्यासाठी आहे ते ठेवावे. जे दोन हंगामांपूर्वीच्या यादीतही असेच होते ते सोडावे आणि ज्याला शब्द दिला असेल त्याला तसे सरळ कळवावे.

हकीकत ऐकून घेण्याच्या कामाला मात्र अपवाद करावा. सांगणारा वृद्ध असेल तर ते काम ‘ठेवायचे’ या भागात टाकू नये. लिहून काढणे मागून होते. फोनवर ध्वनिमुद्रण करायला एक दुपार पुरते. ती दुपार हंगामाआधीच काढावी.

सावधान : सुटीत छापायला म्हणून आठ-दहा लेख आगाऊ लिहून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्याने हंगामाआधीचा महिना हंगामाइतकाच दमवणारा होतो आणि सुटी सुरू होते तेव्हा माणूस थकलेला असतो. आगाऊ लेख दोन, फार तर तीन असावेत. त्यांत ऊन, पाऊस, सण किंवा बाजारभाव यांचा उल्लेख नसावा, कारण ते केव्हा छापले जातील हे आपल्या हाती नसते.

## टप्पा ३ : कळवायचे आहे त्यांना ठरलेल्या क्रमाने कळवावे

यादी झाल्याशिवाय कोणालाही कळवू नये. आपण कोणाचे काय देणे लागतो हे यादीनंतरच नेमके समजते, आणि आधी घोषणा करून मग एकेक बाकी आठवू लागली तर पुन्हा पुन्हा फोन करावे लागतात.

आधी घरात सांगावे. हे वाचून काहींना हसू येईल, पण पुष्कळ घरांत लिहिणाऱ्याचा लेखनाचा तास हा घराने मान्य केलेला तास असतो. पहाटेचा किंवा जेवणानंतरचा तो तास हंगामात कामासाठी मोकळा केला की घर त्याची सवय करून घेते, आणि जुलैत तो परत मागताना कुरबूर होते. ‘हा तास मी तीन महिन्यांसाठी देतो आहे, परतीच्या तारखेनंतर तो पुन्हा माझा’ असे आधीच बोलून ठेवलेले बरे. नंतर ज्यांना मजकूर देण्याचे बंधन आहे त्यांना, म्हणजे संपादकांना किंवा स्मरणिकेच्या मंडळींना, कळवावे. नियमित वाचणाऱ्या आप्तांना आणि मित्रांना शेवटी.

संपादकांना पाठवायच्या निरोपात चार गोष्टी असाव्यात : केव्हापासून, केव्हापर्यंत, मधल्या काळाची सोय काय आणि तारीख चुकली तर काय करायचे. नमुना असा :

‘सप्रेम नमस्कार. बागेच्या कामामुळे १५ मार्चपासून माझे सदर थांबवीत आहे. १० मार्चपर्यंत दोन लेख आगाऊ पाठवीन. ते केव्हा वापरायचे ते आपण ठरवावे. पुढचा लेख ५ जुलैपर्यंत आपल्या हाती देईन. त्या तारखेस लेख न आल्यास सदराची जागा दुसऱ्या लेखकास द्यावी, माझी हरकत असणार नाही.’

शेवटचे वाक्य लिहिताना हात थबकतो, तरी ते गाळू नये. संपादकाला अनिश्चितता नको असते, नकार चालतो. शिवाय जागा जाऊ शकते हे ठाऊक असले की परतीची तारीख आपणही गंभीरपणे घेतो.

नातेवाइकांचा निरोप इतका कोरडा नसावा, पण तारीख त्यातही असावी :

‘आत्ये, आंबा सुरू झाला. रविवारचे पत्र आता जुलैच्या पहिल्या रविवारी लिहीन. मधे काही कमी-जास्त झालेच तर फोन करते. तू मात्र लिहीत राहा. वाचेन लगेच, उत्तर मागून देईन.’

निरोपात माफी मागू नये आणि कारणांचा पाढाही वाचू नये. लांबलेले स्पष्टीकरण वाचणाऱ्याला वाटते की आपण काहीतरी बोलावे, धीर द्यावा, ‘थोडे तरी लिहीत जा’ असा आग्रह करावा. मग त्या आग्रहाला उत्तरे देण्यात हंगामाची सुरुवात जाते. एकच कारण, एकाच ओळीत.

तपासणी : प्रत्येक निरोपातली परतीची तारीख दिनदर्शिकेवरच्या तारखेशी जुळते का? एकाला जून आणि दुसऱ्याला जुलै सांगितले गेले असेल तर ते आत्ताच सुधारावे.

## टप्पा ४ : परतीची चिठ्ठी लिहावी

सगळ्या टप्प्यांत हा सर्वांत लहान आहे आणि सर्वांत जास्त वगळला जातो. शेवटच्या लेखनदिवशी नवे काही लिहू नये. त्याऐवजी चालू लेखनाच्या शेवटच्या पानावर स्वतःसाठी चिठ्ठी लिहावी. मजकूर कुठपर्यंत आला आहे, पुढे काय येणार आहे, कोणती माहिती कोणाकडून घ्यायची आहे, संबंधित कागद कुठे ठेवले आहेत, आणि पुढचे पहिले वाक्य काय असेल, एवढे तीत असावे.

ते पहिले वाक्य पूर्ण लिहून ठेवावे. ‘पुढे बंदराबद्दल लिहायचे’ एवढी सूचना तीन महिन्यांनी काहीच सांगत नाही. ‘आजोबांच्या वेळी धक्क्यावर उतरलेला माल बैलगाडीने घाटावर जाई, आणि गाडीवानांच्या मुक्कामाची जागा आमच्या खळ्याशेजारी होती’ असे वाक्य तयार असेल, तर परतल्यावर त्याच्या मागून दुसरे वाक्य येते. म्हणूनच लेख किंवा प्रकरण संपवून थांबण्यापेक्षा मध्येच, पुढचे स्पष्ट दिसत असताना थांबावे. प्रकरण नीट संपवून थांबलेल्या माणसाला परतल्यावर कोरे पान भेटते.

तारखा छापलेल्या रोजनिशीत लिहिणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना आहे. सुटीतल्या दिवसांची पाने ‘नंतर भरू’ म्हणून कोरी सोडू नयेत. सुटीच्या पहिल्या पानावर दोन्ही तारखा लिहून मधली पाने एकत्र शिवून बंद करावीत. तीन महिन्यांची कोरी पाने उलटत जाऊन आजचे पान गाठायचे म्हणजे रोज नव्याने ओशाळायचे. शक्य असल्यास पुढच्या वर्षापासून तारखा नसलेली वहीच घ्यावी.

## टप्पा ५ : वह्या आणि फाइली पावसातून निभावतील अशा ठेवाव्यात

सुटी मार्चपासून जुलैपर्यंत असेल तर तिच्या शेवटी पावसाळा सुरू झालेला असतो, आणि जूनपासून असेल तर सगळी सुटीच पावसात जाते. रत्नागिरी परिसरात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवेतली आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या पुढे असते. आर्द्रता ६५-७० टक्क्यांपलीकडे टिकून राहिली की कागदावर बुरशी धरू शकते. रोज हाताळल्या जाणाऱ्या वहीला वारा लागत असल्याने ती तगते, बंद ठेवलेली वही तगत नाही. म्हणून लेखन थांबवताना ठेवणीकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

१. वह्या आधी वाळवाव्यात. पावसाळ्याआधीच्या कोरड्या दुपारी सावलीत, पाने मोकळी सोडून उभ्या ठेवाव्यात. कडक उन्हात ठेवल्यास कागद पिवळा पडतो आणि शाई फिकी होते.

२. लोखंडी टाचण्या, क्लिपा आणि रबरबँड काढून टाकावेत. खाऱ्या हवेत लोखंड गंजते आणि गंजाचा डाग कागद खातो; रबर चिकट होऊन पानाला बसते. सुटी पाने सुती दोऱ्याने सैल बांधावीत.

३. शाईची परीक्षा घ्यावी. बिनमहत्त्वाच्या पानाच्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून पाहावा. साधी फाउंटन पेनची शाई आणि काही जेलपेनांची शाई लगेच पसरते, बॉलपेनची बरीच टिकते, पेन्सिलीला पाणी बाधत नाही. शाई पसरणारी असेल तर त्या वहीच्या पानांचे फोटो काढल्याशिवाय ती ठेवणीत टाकू नये.

४. जागा निवडावी. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे, कारण पावसात त्या भिंतीला ओल येते. आतल्या भिंतीजवळ, जमिनीपासून उंचावर, पत्र्याच्या पेटीत वह्या ठेवाव्यात. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये तळमजल्यावरच्या घरांत आणि दुकानांत जे खाली होते ते गेले. खाडीकाठच्या किंवा नदीकाठच्या घरांनी वह्या माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर नेलेल्या बऱ्या, मात्र कौले पाझरत नाहीत याची खात्री करून.

५. पेटीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. रंग बदलणारे खडे मिळाले तर ओलावा भरल्याचे दिसते आणि ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या खड्यांत कोबाल्टचे विषारी क्षार असतात, म्हणून ते स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नयेत; नारिंगी घ्यावेत.

सावधान : वही थोडीशी दमट असताना प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधणे ही या टप्प्यातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. पिशवी बाहेरचे पाणी अडवते तसेच आतले पाणीही अडवते, आणि बुरशीला हवे असते नेमके तेच.

फोनवर किंवा संगणकावर लिहिणाऱ्यांनी आधी एक गोष्ट पाहावी. जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत (फॉन्टमध्ये) असेल, तर तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. नाहीतर संगणक बदलल्यावर किंवा बिघडल्यावर त्या फाइलींत अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. मग प्रत्येक फाइलीच्या दोन प्रती कराव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी : स्वतःलाच ईमेलने पाठवलेली किंवा पुण्या-मुंबईच्या भावाकडे पेन ड्राइव्हवर दिलेली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या उत्तर भागात अनेक गावे कितीतरी दिवस विजेविना होती. अशा वेळी फक्त घरातल्या संगणकावर असलेले लेखन आहे की गेले हेसुद्धा कळत नाही. पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या एका विश्वासू माणसाला जागा सांगून ठेवावी. सुटी खूपच लांबणार असेल तर दोन वर्षे अजिबात न उघडलेले गूगल खाते मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

## टप्पा ६ : हंगामात फक्त टाचण ठेवावे

लेखन थांबले म्हणजे पाहणे थांबत नाही, आणि हंगामातच लिहिण्यासारखे सर्वांत जास्त घडत असते. खिशात मावणारी छोटी वही आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल जवळ बाळगावी. दिवसाला एक ओळ, तीही जमली तर.

टाचणात काय घ्यावे याची कसोटी सोपी आहे : जे नंतर दुसरीकडे कुठेही सापडणार नाही तेवढेच घ्यावे. त्या दिवशी किती पाऊस पडला, पेटीचा दर काय होता, गाडी कोणत्या दिवशी गेली, हे वर्तमानपत्रात किंवा पट्टीत मिळेल. ‘आज फार काम होते’ ही ओळ निरुपयोगी आहे. ती कोणत्याही दिवशी खरी असते. ‘पेंढा संपला, शेवटच्या चार पेट्यांत जुनी वर्तमानपत्रे चुरगळून घातली, काकी म्हणाली आंबा बातम्या वाचत मुंबईला जाणार’ ही ओळ मात्र जुलैत अख्ख्या पानाचा मजकूर देते. माणसांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत टिपावे. दोन दिवसांनी आशय आठवतो, शब्द गेलेले असतात.

हात चिकाने किंवा चिखलाने भरलेले असताना फोनवर बोलून ठेवणे सोयीचे वाटते आणि ते करायला हरकत नाही, पण त्या ध्वनिफितींना त्याच रात्री तारीख आणि दोन शब्दांचे नाव द्यावे. नाव नसलेल्या ध्वनिफिती जुलैत कोणी ऐकत बसत नाही. बागेत किंवा मळ्यात रेंज नसते, म्हणून इंटरनेटविना चालणारे ध्वनिमुद्रणाचे ॲपच वापरावे.

सावधान : टाचण वाढू लागले, त्यात परिच्छेद पडू लागले, की समजावे की सुटी मोडते आहे. एखाद्या रात्री लिहावेसे वाटले तर जरूर लिहावे, पण ते कोणाला पाठवू नये. एकदा पाठवले की ‘म्हणजे वेळ आहे तर’ असे समोरचा धरून चालतो आणि टप्पा ३ मधले सगळे बोलणे वाया जाते.

तपासणी : सुटीच्या मध्यावर एकदाच पेटी उघडून वास घ्यावा. कुबट वास आला तर वह्या बाहेर काढून पंख्याखाली मोकळ्या ठेवाव्यात. वही भिजलीच असेल तर पाने ओढून सुटी करू नयेत. पानांमध्ये कोरडा टीपकागद घालावा आणि तो बदलत राहावा. ऐन गडबडीत तेवढाही वेळ नसेल, तर वही पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावी. गोठल्याने बुरशीची वाढ थांबते आणि वाळवण्याचे काम सवडीने करता येते.

## टप्पा ७ : परतताना थोडके लिहावे आणि मागचे भरून काढू नये

परतीच्या तारखेच्या आदल्या दिवशी वही बाहेर काढून वाऱ्यावर ठेवावी. त्या दिवशी दुसरे काही नाही.

पहिल्या दिवशी फक्त परतीची चिठ्ठी वाचावी. मागचे सगळे लेखन पहिल्यापासून वाचून काढायचे आणि मग पुढे जायचे, असे अनेक जण करतात. वाचता वाचता ते दुरुस्त्या करू लागतात आणि आठवडा त्यातच जातो. चिठ्ठीतले तयार वाक्य नव्या पानावर उतरवावे आणि त्याच्या पुढे जेवढे येईल तेवढे लिहावे. अर्धे पान झाले तरी थांबावे. पहिले दोन आठवडे नेहमीच्या निम्मे लिहावे. रोज लिहिणाऱ्याने एक दिवसाआड लिहावे.

सुटीतल्या महिन्यांचा वृत्तांत भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. परतीनंतर लेखन पुन्हा बंद पडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, असे मला वाटते. माणूस मार्चपासून सुरुवात करतो, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पोहोचतो आणि कंटाळतो. तोपर्यंत जुलै संपतो आणि जुलैचेही लिहायचे राहते. टाचणाच्या वहीतून तीन ओळी निवडाव्यात, त्यांवर सवडीने लिहावे, बाकीच्या ओळी तशाच राहू द्याव्यात. त्या टाचण म्हणूनही वाचनीय असतात.

कामांचा क्रम असा ठेवावा : आधी स्वतःचे लेखन, मग संपादकांना लेख, मग साचलेली पत्रोत्तरे. बहुतेक जण भिडेपोटी उलटे करतात. आत्याच्या पत्राला उत्तर आठ दिवस उशिरा गेले तर ती रागावणार नाही, आणि रागावली तरी गणपतीत भेटेलच. संपादकांना ‘मी परत आलो’ असे वेगळे कळवू नये. पुरा झालेला लेखच पाठवावा.

तपासणी : दोन आठवड्यांनी मोजून पाहावे. ठरलेल्या दिवसांपैकी निम्म्याहून अधिक दिवस वही उघडली गेली असेल तर पूर्वीचे प्रमाण धरावे. तसे नसेल तर निम्मेच प्रमाण आणखी महिनाभर चालू ठेवावे.

## हंगाम लांबला तर

अवकाळी पाऊस येतो, घरात आजारपण निघते, लावणीला माणसे मिळत नाहीत. अशा वेळी परतीची तारीख एकदाच पुढे न्यावी, आणि ती उलटून जाण्याच्या किमान एक आठवडा आधी संपादकांना नवी तारीख कळवावी. तारीख उलटल्यावर दिलेल्या कारणाला, ते कितीही खरे असले तरी, कोणी फारशी किंमत देत नाही. रोजनिशी किंवा घरची वही असेल तर नवी तारीख दिनदर्शिकेवर लिहून परतीची चिठ्ठी तेवढी पुन्हा एकदा वाचून ठेवावी, म्हणजे तिच्यातला एखादा संदर्भ धूसर होऊ लागला असेल तर तो पुरता विसरण्याआधीच नीट लिहिता येतो.

दुसऱ्यांदा तारीख पुढे न्यायची वेळ आली तर सदर सोडावे. सोडताना न छापलेले आगाऊ लेख परत मागून घ्यावेत, नाहीतर वर्षभराने ते अचानक छापून येतात आणि आपण पुन्हा लिहू लागलो असा लोकांचा समज होतो. स्वतःची वही मात्र सोडायची नसते. तिची पुढची परतीची तारीख दोन हंगामांमधल्या नव्या फटीत धरावी, आणि टप्पा ५ मधली ठेवण त्या दिवसापर्यंत पुन्हा एकदा करून घ्यावी.